पडण्याचा मान

चैत्रातल्या सकाळी दहाच्या सुमारास आमच्या घराला बोंडूंचा वास येतो. परसातल्या कलमांपलीकडे काजूची सातआठ झाडं आहेत; बिया काढून घेतलेली बोंडं त्यांच्या तळाशी तशीच पडून राहतात आणि ऊन चढू लागलं, की त्यांचा तो गोड, आंबूस, काहीसा मादक दर्प खिडकीच्या गजांतून आत शिरून पडद्यांना, उशांना, घडी घालून ठेवलेल्या कपड्यांनासुद्धा चिकटून बसतो. एरवी मला तो आवडतो. गेल्या रविवारी मात्र मला त्या वासाचाही राग आला, कारण त्या घटकेला मला यच्चयावत साऱ्या गोष्टींचा राग आला होता. आणि त्याचं कारण सांगितलं, तर महाविद्यालयातले माझे सहकारी तोंडाला रुमाल लावून हसतील. सातासमुद्रापलीकडच्या कुठल्याशा झगमगत्या सभागृहात, हजारो माणसांच्या देखत, आमच्या बापूला कुणीतरी मागून खुर्ची हाणली होती.

बापू आमचा नातेवाईक नव्हे. तो अमेरिकेतला एक मल्ल, दर आठवड्याला टीव्हीवर होणाऱ्या कुस्त्यांच्या कार्यक्रमातला. पन्नाशीला टेकलेला, पिकल्या दाढीचा, डाव्या खांद्यातून किंचित झुकलेला. त्याचं खरं नाव आबांच्या जिभेवर कधी बसलं नाही, म्हणून त्यांनी त्याला गावातल्या एका जुन्या गड्याचं नाव देऊन टाकलं. आबा म्हणजे माझे सासरे. माझे यजमान नोकरीसाठी मुंबईत, सासूबाई जाऊन आता बरीच वर्षं झाली, आणि रत्नागिरीतल्या या घरात मी आणि आबा अशी दोनच माणसं. सुरुवातीची दोन वर्षं आमच्यात ‘वाढू का’ आणि ‘नको’ याखेरीज फारसं बोलणं होत नसे. मी मराठी शिकवणारी, पुस्तकांत बुडालेली; ते जन्मभर भातशेती केलेले, शहरातल्या फरशीवर पाय कुठे ठेवावा असा प्रश्न पडलेले. एका रविवारी वाहिन्या बदलता बदलता त्यांना हा कार्यक्रम सापडला. मी तांदूळ निवडत उंबऱ्यात बसले होते. ताटातले खडे ताटातच राहिले आणि तासाभराने आम्ही दोघं एकाच माणसासाठी ओरडत होतो.

तेव्हापासून हा आमचा नेम आहे. कार्यक्रम इकडे मंगळवारी पहाटे दिसतो. पण तेव्हा माझी तासांची घाई, म्हणून आम्ही त्याचं पुनःप्रक्षेपण रविवारी न्याहारी उरकून बघतो. मधले पाच दिवस मी निकाल कानावर पडू नये म्हणून सोवळ्यात असल्यासारखी वावरते. शिक्षककक्षात एका महाशयांनी एकदा मुद्दाम निकाल सांगून टाकला, तर पंधरवडाभर मी त्यांच्याशी अबोला धरला होता. ‘मॅडम, तुमच्यासारख्या विदुषीने ही लुटुपुटूची मारामारी बघावी?’ असं विचारणाऱ्यांचा तर मला मनस्वी तिटकारा आहे. सगळं आधी ठरलेलं असतं, हे सत्य जणू त्यांनीच खणून काढलंय! नाटकात रडणाऱ्या नटीला कुणी जाऊन विचारतं का, की बाई, तुमचं मूल खरंच गेलं का? ठरलेलं असतं म्हणून तर बघायचं. कोण जिंकणार हे ठरवता येतं, पण पडणारा किती जीव ओतून पडतो, ते कुणालाही ठरवून देता येत नाही.

हे शेवटचं वाक्य माझं नाही, आबांचं आहे. आणि त्यांना ते म्हणायचा अधिकार आहे. शिमग्यात आमच्या गावी नमनाचा खेळ होतो. मृदंग घुमत असतो, गवळणी होतात, सोंगं येऊन जातात आणि सर्वांत शेवटी लाकडी दहा तोंडं बांधलेला रावण थरथरत अंगणात उतरतो. चाळीस वर्षं तो रावण आबा होते. ती तोंडं डोक्याखांद्यांवर पेलत नाचायचं आणि रामाचा बाण लागला, की एकाही तोंडाला टवका न जाता पाठीवर कोसळायचं, हे काम येरागबाळ्याचं नव्हे. लग्नानंतरच्या पहिल्या शिमग्यात मी ते पाहिलं तेव्हा माझ्या शेजारच्या बायका चक्क रडत होत्या, रावणासाठी. ‘उभा ऱ्हायला कायव लागत नाय गो,’ आबा मला टीव्हीसमोर बसून समजावतात, ‘पडनारा नीट पडला तं उभा असनारा मोटा दिसतो. ह्यो बापू बग. समोरच्याला मोटा करून पडतो.’

गेल्या रविवारी बापूची नव्या मल्लाशी कुस्ती ठरली होती. हा नवा मल्ल पंचविशीचा, तेल लावल्यासारखा तुकतुकीत, सदोदित स्वतःचेच दंड न्याहाळणारा. आबा त्याला ‘गुळगुळ्या’ म्हणतात. महिनाभर त्या कुस्तीची जाहिरात चालली होती. बापू हरणार, हे आम्हाला ठाऊक होतं. तसा काळच आला होता, आणि त्याबद्दल आमची तक्रार नव्हती. आम्हाला फक्त तो कसा हरतो ते पाहायचं होतं. मी चहाचा दुसरा कप करून आणला, आबांनी पाय वर घेतले. बापूचं ते जुनं संगीत वाजलं, तो धुरातून बाहेर आला, पायऱ्यांवर क्षणभर थबकून त्याने नेहमीसारखी बोटांची चिमूट कपाळाला लावली, आणि घंटा वाजण्यापूर्वीच गुळगुळ्याने मागून येऊन त्याच्या पाठीत खुर्ची घातली. एकदा, दोनदा, तीनदा. बापू तोंडावर आपटला तेव्हा कॅमेरा त्याच्यावर नव्हताच. तो गुळगुळ्याच्या दंडांवर होता. मग स्ट्रेचर आलं, जाहिराती लागल्या, आणि जाहिराती संपल्यावर निवेदक दुसऱ्याच कुणाबद्दल खिदळत होते. दोन मिनिटं. इतक्या वर्षांची दोन मिनिटं.

मी संतापाने मोबाइल उचलला. पाच दिवस टाळलेल्या बातम्या एका दमात वाचून काढल्या, तेव्हा कळलं की बापूचा करार संपला होता, कंपनी तो पुढे वाढवणार नव्हती, आणि हे असं होणार हे त्याला त्याच दुपारी, सभागृहात पोचल्यावर समजलं होतं. मी हे आबांना मोठ्याने वाचून दाखवलं. माझा आवाज चिरकत होता. चहा गार झाला होता. उठून मी बोंडूंच्या त्या वासावर खिडकी लावून घेतली. कंपनीने टाकलेल्या चित्रफितीखाली मी थेट मराठीतच लिहायला घेतलं, कोणाला कळो वा न कळो. ज्याच्या खांद्यावर तुम्ही उभे राहिलात त्याला पडण्याचा मानही तुम्ही देऊ शकला नाहीत. तुम्ही कृतघ्न आहात, भ्याड आहात. त्याच्या डोळ्याला डोळा देण्याचं धैर्य तुमच्यापैकी एकाच्याही अंगी नव्हतं. वाक्यं भराभर येत होती. राग आला, की माझं मराठी फार चांगलं होतं.

‘आणखी काय लिहू, आबा?’ मी विचारलं.

आबा पडद्याकडे पाहत होते. ‘लिही,’ ते म्हणाले, ‘त्याला घरी असतानाच कोनी का नाय सांगितलान, ता इचार.’

मी ते टाइप करू लागले आणि ‘घरी’ या शब्दापाशी माझं बोट थांबलं.

आता जे सांगायचं आहे ते मी गेले दोन महिने स्वतःलाही सांगितलेलं नाही. मागल्या वर्षी शिमग्यात रावण पडला तो चटकन उठला नाही. आबांचा गुडघा अडकला होता. दोघांनी धरून उठवलं. त्याची चित्रफीत कुणीतरी सगळीकडे पाठवली, आणि मुंबईतल्या गावकरी मंडळाने माघात ठरवलं, की यंदापासून शेजारच्या वाडीतला एक तिशीतला गडी रावण करील. निर्णय चुकीचा नव्हता. आमच्या गावची रीत अशी, की ज्याला सोंग सोडायचं असतं तो शेवटचं एकदा खेळतो, पडतो, आणि मग पालखी बसते त्या सहाणेसमोर आपल्या हातांनी ती दहा तोंडं पुढच्याच्या अंगावर बांधतो. यजमानांचा मुंबईहून फोन आला, ‘आबांना तूच सांग, तुझं ऐकतात.’ मी म्हटलं, तुमचे वडील, तुम्ही सांगा. ते हो म्हणाले की नाही, ते मी नीट ऐकून घेतलं नाही. मंडळाची पत्रकं मी लिहिते, माझी भाषा शुद्ध म्हणून. तेव्हा ग्रुपवर टाकायचा मजकूरही मीच लिहिला. ‘रावणाची धुरा यंदापासून तरुण खांद्यांवर सोपवण्यात येत असून ज्येष्ठांचे ऋण मंडळ सदैव स्मरणात ठेवील.’ लोकांनी हात जोडल्याच्या चित्रांचा पाऊस पाडला. आबांकडे साधा फोन आहे. त्यांना यातलं काही दिसलं नाही.

तालमीच्या दिवशी ते नेहमीप्रमाणे पिशवी भरून, मी दिलेला डबा घेऊन गावच्या गाडीसाठी निघाले. त्यांना कुणीच काही सांगितलेलं नाही, हे त्या क्षणी मला स्वच्छ ठाऊक होतं. मी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेले. फाटकाशी सांगता आलं असतं, रिक्षात बसताना सांगता आलं असतं. मी म्हटलं, ‘सावकाश जा, आबा.’ संध्याकाळच्या गाडीने ते परत आले, गुडघा दुखतो म्हणाले, आणि शिमग्याला गावीच गेले नाहीत. त्यानंतर त्यांनी एका अक्षराने विषय काढला नाही, मीही नाही. दर रविवारी आम्ही शेजारी बसून परदेशातल्या माणसांच्या पडण्याची चर्चा करत राहिलो. कंपनीला भ्याड म्हणणारी मी, एका म्हाताऱ्या माणसाशी दोन वाक्यं बोलायला घाबरले होते. त्याचं मला काय वाटलं? लाज वाटली. आणि लाज वाटली की मी ज्याच्यावर करता येईल त्याच्यावर चिडते, म्हणून त्या दोन महिन्यांत विद्यार्थ्यांनी, भाजीवालीने आणि मुंबईच्या फोनने माझं बरंच ऐकून घेतलं.

‘आबा,’ मी म्हटलं. मोबाइल उपडा ठेवला. ‘तुम्ही तालमीला निघालात तेव्हा मला सगळं ठाऊक होतं. मजकूर मीच लिहिला होता.’

त्यांनी टीव्हीचा आवाज थोडा कमी केला, पूर्ण नाही. ‘म्हायती हाय,’ ते म्हणाले. ‘वाटेत डबा सोडलू तं भाकरीवर माशाची तुकडी, वर गुळाचा खडा, आनि भाकऱ्या दोन ज्यास्त. तू कवा एवडा भरतंस? तवाच म्हटलं, कायतरी हाय.’

‘मग परत का नाही फिरलात?’

‘म्हटलं, तितं तरी कोन सांगल.’

ते इतक्या साध्या आवाजात म्हणाले, की मला आधी त्याचा अर्थच लागला नाही. आणि लागला, तेव्हा दोन तासांचा तो गाडीचा प्रवास, मांडीवर उघडा डबा घेऊन खिडकीशी बसलेला माणूस, कुणीतरी सांगेल या आशेने जाणारा, माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला. मी रडले नाही. रडणं सोपं होतं, आणि त्या सोपेपणाचाही मला राग आला.

‘तितं पन कोनी नाय सांगितलान. मी नाय म्हटलू नसतू गो,’ आबा म्हणाले. ‘गुडगा माजा हाय, मला कळतो. येक डाव पडलू असतू. नीट पडलू असतू. मंग त्याला माज्या हातानं बांदली असती.’ आणि किंचित थांबून, पहिल्यांदाच थोड्या तिखट स्वरात, ‘त्या तोंडांच्या गाठी त्याला मारता येत नायत. सैल बांदलीत, ह्या वर्षी दोन तोंडा फुटली. आयकलंय मी.’

म्हणजे तेही रागावलेले होते. दोन महिने, माझ्या शेजारी बसून, माझ्या हातचा चहा पीत. या जाणिवेने मला विचित्र हायसं वाटलं. त्यांनी क्षमा केली असती, तर ती मला पेलली नसती.

बाहेर ऊन माथ्यावर आलं होतं. पडद्यावर कुणी दोघं अनोळखी झुंजत होते आणि आबा त्यांच्याकडे पाहत होते, की नुसतं त्या दिशेने, ते मला सांगता येणार नाही. मघाचा माझा मजकूर अजून पाठवायचा राहिला होता. मी तो पुन्हा वाचला. एक शब्दही बदलावा लागला नसता. फक्त पत्ता चुकला होता. मी आजवर समजत होते, की आपल्या माणसाचा अपमान झाला म्हणजे राग येतो. आपणच तो केलेला असला, म्हणजे अधिक येतो, हे आता कळत होतं. आणि तो कुठे ठेवायचा ते मात्र कळत नव्हतं. मी आबांच्या आणखी जरा जवळ सरकून बसले. त्यांनी आमच्या मधे टेकलेला हात मागे घेतला नाही आणि पुढेही केला नाही.