भाविकाची तीन बोटं

लालबागच्या बाजारात मंजुळा तीस वर्षं मासे विकते. ताजं आहे का, असं विचारणाऱ्याला ती उत्तर देत नाही; पापलेटाचा कल्ला उचलून दाखवते. पुराव्याशिवाय बोलायचं नाही, हा तिचा नियम. तो तिनं एकदाच मोडला, नातीच्या बाबतीत.

आठ वर्षांची भाविका शिवडीच्या घरात धावताना कपाटाच्या काचेवर आपटली आणि उजव्या हाताची कोपराखालची, बोटांना जाणीव देणारी नस तुटली. सर्जननं ती शिवली. पण शिवली म्हणजे झालं असं नाही, पुढची नस नव्यानं वाढावी लागते, असं त्यांनी सांगितलं. रोज साधारण एक मिलीमीटर. तोवर अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर.

"मिलीमीटर म्हंजे किती?"

सर्जननं कागदावर पेनाचा ठिपका काढला.

"जवळ्याचा डोळा," मंजुळा म्हणाली. विषय तिला कळला होता.

तिसऱ्या महिन्यात थेरपिस्ट अनुजानं घरी करायचा व्यायाम दिला. मुलीचे डोळे बांधायचे, हातात वस्तू द्यायची, बोटांनी ओळखायला लावायची. वस्तू कुठल्या, ते तिनं सांगितलं नाही. मंजुळाच्या घरात वस्तू म्हणजे बोंबील, मांदेली, कोळंबी. दोन आठवड्यांत भाविका एकदाही चुकेना. मंजुळानं बाजारभर सांगितलं आणि कार्ल्याला जाऊन एकविरेचा नवसही फेडला.

पुढच्या तपासणीत अनुजानं भाविकाचे डोळे बांधून हातात किल्ली ठेवली. भाविका ती नुसती फिरवत राहिली. मग बटण. तेही नुसतं फिरवलं.

"सांग की गो," मंजुळा म्हणाली. "घरी कशी पटापट बोलतेस."

"याला वासच नाय येत, आजी."

अनुजानं काहीतरी लिहून घेतलं. "आजी, हिची नाकाची नस एकदम उत्तम आहे."

मग तिनं हातावरून टिचक्या मारत नेल्या. मनगटाशी पोचल्यावर भाविकाच्या बोटांत मुंग्या आल्या. म्हणजे नस तिथवर आली होती. बोटांपर्यंत येईल का? मुलांमध्ये बहुधा येते, अनुजा म्हणाली. बहुधा हा शब्द मंजुळाला बाजारातही आवडत नाही. त्यात नवस आधीच फिटलेला, आणि फेडलेला नवस देवीकडून परत मागायची पद्धत नाही.

त्या दिवसापासून भाविकाच्या नाकाला कपड्यांचा चिमटा लागला. आता ती प्रत्येक माशाला पापलेट म्हणू लागली, कारण तिला ते आवडतं. असे चार महिने गेले.

एका संध्याकाळी मंजुळानं अख्खी कोळंबी हातात दिली, तेव्हा भाविकानं हात झटकला.

"काय झालं?"

"टोचलं."

"कुठं?"

भाविकानं अंगठ्याशेजारचं बोट दाखवलं. मंजुळानं कोळंबीच्या डोक्याचा काटा मधल्या बोटाला लावला. काही नाही. अंगठ्याला. काही नाही. पुन्हा अंगठ्याशेजारच्या बोटाला.

"टोचतंय, आजी, बस ना आता."

बाजारात मंजुळा या वेळी कुणाशी बोलली नाही. तपासणीला निघताना तिनं डब्यात एक कोळंबी घेतली. आणि चिमटा.