दादासाहेबांचं पुढचं दार

दादासाहेब गेले तेव्हा मी त्यांच्यापासून फार तर हातभर अंतरावर होतो. मध्ये फक्त माझ्या दुकानाचं फडताळ होतं. तरी बातमी मला पुढून आली, गिऱ्हाइकासारखी. त्यांचा पुतण्या गल्लीला वळसा घालून पायरीशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मांजरपाट फाडा." गज हातात घेत मी सवयीनं विचारलं, "कोणासाठी?" तो खाली बघत म्हणाला, "दादासाठी..."

मेहकरच्या आमच्या गल्लीत आता राहती घरं कमी आणि दुकानं जास्त. जुन्या ओसऱ्यांवर कुठं भांडी मांडलेली, कुठं किराणा, कुठं आमचं कापड. कोरीव चौकटींना आणि खांबांना हात लावायचा नाही, आत काय करायचं ते करा, असा नागपूरहून पुरातत्त्व खात्याचा हुकूम आलेला आहे. त्यामुळे लोणारकडून बाजाराला आलेली माणसं अजूनही दादासाहेबांच्या दरवाज्यापाशी थबकतात, चौकटीवरचे मोर बघतात आणि मग आत येऊन लुगड्यांचा भाव करतात. त्या मोरांचा मलाच कोण अभिमान, जणू मीच कोरलेत.

आम्ही दुसरबीडचे माळी. माझे वडील याच घरी वांगी, मेथी घालायला यायचे, पण मागच्या दारानं. पुढच्या दारात उभं राहायची त्यांची छाती नव्हती. दादासाहेबांनी ओसरी मला भाड्यानं दिली, तेव्हा वडील उंबरा ओलांडायला तयार होईनात. दादासाहेबांनीच त्यांना हाताला धरून गादीवर बसवलं. "बसा हो. पोराचं दुकान आहे, लाजता काऊन?" पुढे माल वाढला. ओसरीतून घरात जाणारी वाट फडताळानं बंद केली तर जागा होईल, असं मी भीत भीत म्हटलं. ते हसले. "लाव ना बे. मले मांगचं दार आहे." तेव्हापासून ते गोठ्याजवळून, वाकून ये-जा करू लागले. पुढून कधी आलेच तर गिऱ्हाइकासारखे पायरीवर थांबायचे. खरं सांगतो, सुरुवातीला मला ते पाहून आतून बरं वाटायचं... हे लिहिताना मान वर होत नाही.

मांजरपाट फाडून दिलं आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. घरधनी शेवटचा निघतो तो पुढच्या दारानं. हे कुठून निघणार? मी गठ्ठे ओढून गादीवर फेकू लागलो. कप्पे रिकामे झाले, पण फळ्या भिंतीत पक्क्या बसवलेल्या. पहार आणायला माणूस धाडला. पलीकडचं रडणं ऐकू येत होतं, ते हळूहळू लांब जाऊ लागलं. मी वळसा घालून धावलो. मागच्या बुटक्या दारातून चौघंजण वाकून, दादासाहेबांना तिरपं करून बाहेर काढत होते.

तेरावं झाल्यावर मी ते फडताळ काढून टाकलं. वाट मोकळी झाली. सव्वा महिन्यानंतर दादासाहेबांच्या पत्नी देवळात निघाल्या, त्या आतून ओसरीच्या तोंडाशी आल्या. मी म्हटलं, "वहिनी, या, आता पुढच्याच दारानं जात जा." दुकानात लुगडी पाहणाऱ्या बाया बसल्या होत्या. वहिनींनी त्यांच्याकडं पाहिलं, मग चौकटीकडं, आणि पदर सावरून मागं फिरल्या. "राहू द्या भाऊ. गिऱ्हाइकं बसून आहेत. मी मांगून जातो."

एका बाईनं विचारलं, "कोन हो ह्या?"

"हे घर ह्यांचं आहे," मी म्हटलं.

ते ऐकताच त्या सगळ्या बाया लगबगीनं उठून उभ्या राहिल्या. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की, वहिनींना 'या' म्हणताना मी गादीवरून उठलोच नव्हतो.