पायाळू पोर आणि राणीछाप नाणे

खड्डा कमरेइतका खोल होता. सात वर्षांची पोर त्यात उभी, अंगभर हळद, तोंडात कापडाचा बोळा. काठावर उकिडवा बसून बाबा विळ्याला लिंबू घासत होता. भर दुपारचे ऊन होते. जीप गढीच्या बुरुजाखाली थांबली, तसा त्याने एक हात पोरीच्या केसांना घातला.

तो दिवस मी विसरलेले नाही. मी राळेगाव तालुक्यातल्या एका गावची पोलीस पाटील होते. शिक्षण चौथी. नवऱ्यामागे ते काम माझ्याकडे आले. गावात अनोळखी माणूस आला, कुणी मेले, मारामारी झाली, की ठाण्यात वर्दी द्यायची. कापसाची ती वाईट वर्षे होती. बोंडाआधी गावात बाबा फुटायचे.

ती पोर पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी आलेली. कंबरेत उसण भरली की लोक तिची लाथ खायला जात. मीही खाल्ली होती, आणि गुण आल्याचे चार गावांत सांगितलेही होते. पायाळूला जमिनीतले धन दिसते असेही लोक मानतात, ते माझ्या ध्यानातच आले नाही.

त्या सकाळी तिची आई धावत आली. "पाटीलबाई, पोरगी शाळेत गेलीच नाही. माह्या भासऱ्यानं सायकलवर नेली."

मी ठाण्यात फोन केला आणि तडक त्या भासऱ्याच्या, म्हणजे पोरीच्या थोरल्या काकाच्या घरी गेले. तो एकटाच परतला होता. ओसरीवर चहा पीत बसला होता.

"पोरगी कुठं हाये?"

"मामाकडं पोचवली, पांढरकवड्याले. मले काय इचारता? तिच्या मायले इचारा."

ठाणेदार आले. त्यांनी त्याचे खिसे पाहिले. एक पिवळे, कातरकाठी नाणे निघाले. वर राणीचे डोके.

"वावरात सापडलं, साहेब. राणीछाप हाये. पणज्याच्या काळचं."

साहेब पांढरकवड्याकडे जीप वळवायला निघाले. मी म्हटले, आधी नाणे दाखवा.

कातरकाठी पिवळा आणा आमच्या लहानपणी चालायचा. मला तोच वाटला. पण आण्यावर राजा असे. आणि राणीछाप रुपया माझ्या सासूकडे होता. त्यावरची राणी जाड गालांची. ही कोवळी, दुसरीच. इंग्रजी अक्षर मला येत नव्हते. साहेबांनी वाचले, "सेशेल्स. समुद्रातलं इंग्रजांचं बेट होतं, पाटीलबाई. आपल्याकडचं नाहीच हे." आकडे मात्र मला येत होते. त्या साली मी दुसरीत होते.

मी काकासमोर बसले. "अरे, तुहा पणजा मेला तवा ही राणी जन्माले आली नव्हती. मी दुसरीत होती तवाचं नाणं हाये हे, अन् तेही परमुलखातलं. कोणं बुद्दू बनवलं तुले?"

"बाबानं माह्या डोयापुढं काढलं जमिनीतून!"

"त्यानंच पुरलं असन."

त्याने कप खाली ठेवला. "म्हंजे धन नाही?"

पोरीचे नाही, त्याला आधी धनाचे वाईट वाटले. मग बोलला. "गढीवर हाये ती. बाबा म्हने, पोरीनं फक्त पाय ठेवाचा. मले घरी धाडलं."

गढी अर्ध्या कोसावर होती. जीपमधल्या हवालदाराने बाबाच्या मनगटावर काठी घातली, विळा पडला. मी खड्ड्यात उतरले आणि पोरीच्या तोंडातला बोळा काढला. बाबाच्या झोळीत तशीच आणखी नाणी निघाली. दागिन्यांत ओवायला अशी विलायती नाणी बाजारात मिळतात, तिथूनच त्याने घेतली होती. ती फक्त काकाला भुलवायला; गढीखाली खरे धन आहे आणि ते बळी दिल्यावरच निघेल, असे बाबा स्वतःही मानत होता. दोघांनाही शिक्षा झाली.

मार खाऊनही न बोलणारा माणूस, आपण फसलो हे कळले की बोलतो. हे मी तिथे शिकले. आणि पोलीस पाटलाने तोंड आवरावे, हेही. पोरीची कीर्ती मीच गावोगाव नेली होती.

ती पोर जगली. आज तिला दोन लेकरे आहेत. लाथ ती कुणालाच मारत नाही.