दसऱ्याला पुजलेलं रीळ

आधीच सांगून टाकते, म्हणजे खाली कमेंटमध्ये उगाच वाद नको — माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. एका विमा कंपनीच्या क्लेम विभागात माझी सगळी नोकरी गेली. लोक समोर बसून रडायचे, पोराबाळांच्या शपथा घ्यायचे, आणि मी त्यांच्याकडे कागद मागायचे. ऐकलेल्या गोष्टीवर चटकन विश्वास ठेवायचा नाही, याचाच मला पगार मिळायचा. नवरा म्हणतो, तुझ्यासमोर प्रत्यक्ष देव आला तरी तू त्याचं आधार कार्ड मागशील. मागेन की.

तर, आम्ही नाशिकला गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला राहतो, तिसऱ्या मजल्यावर. घरात मी, नवरा श्रीकांत, आणि या दिवाळीच्या आधीपर्यंत माझे सासरे, अण्णा. नावं सगळी बदलली आहेत, तेव्हा शोधत बसू नका.

अण्णा सिनेमाचे दिग्दर्शक होते. ब्लॅक अँड व्हाइटच्या जमान्यातले. सिनेमे मोजकेच केले आणि आज त्यातल्या एकाचीही प्रिंट कुठे शिल्लक नाही. त्या काळी सिनेमा चालून गेला की प्रिंट चांदी काढायला जायची. फिल्मवर चांदीचा थर असतो म्हणे, तो धुऊन घ्यायचे आणि उरलेल्या पट्ट्या भंगारात. तरी अण्णांचं नाव राहिलं ते त्यांच्या हाताखाली शिकलेल्या माणसांमुळे. ती पुढे फार मोठी झाली आणि मुलाखतींमधून अण्णांचं नाव घेत राहिली. म्हणून अगदी परवापरवापर्यंत फिल्म शिकणारी पोरं-पोरी आमच्या घरी यायची, माझ्या हातचे पोहे खायची आणि अण्णांना प्रश्न विचारायची.

त्यांच्याबद्दल एक गोष्ट सगळेच सांगायचे. बाहेर शूटिंग असलं की तेव्हा आवाज रेकॉर्ड करत नसत, तो नंतर स्टुडिओत भरायचे. त्यामुळे शॉट चालू असताना अण्णा सारखे बोलत राहायचे. ओरडून नाही... अगदी हळू, कानाशी बोलावं तसं. "सावकाश. घाई नाही. आता थांब. आता पाण्याकडे बघ." आणि नट त्यांच्या आवाजावर चालायचे.

आता श्रीकांतच्या आईबद्दल. ती गेली तेव्हा हा वर्षाचाही नव्हता. कावीळ झाली आणि आठवड्यात संपलं. तिचा एकच फोटो आहे, लग्नातला, त्यातही मान खाली आणि मुंडावळ्या. चेहरा म्हणून काही दिसतच नाही. अण्णांनी दुसरं लग्न केलं नाही, पण तिच्याबद्दल कधी बोललेही नाहीत. लेन्सबद्दल तासभर बोलतील, तिच्याबद्दल एक वाक्य नाही. श्रीकांतने लहानपणी खूप हट्ट केला तेव्हा त्यांनी कपाटातला फिल्मचा डबा दाखवला आणि म्हणाले, "यात आहे ती. उघडायचा नाही."

झालं होतं असं, की गोदाकाठच्या पायऱ्यांवर शूटिंग होतं आणि पाण्याला निघालेल्या बाईचं काम करणारी नटी आलीच नाही. अण्णांनी स्वतःच्या बायकोला हातात घागर देऊन उभं केलं. जन्मात तेवढाच एक शॉट. सिनेमा गेला चांदीत, पण हे रीळ अण्णांनी जवळ ठेवलं.

खंडेनवमी-दसऱ्याला लोक हत्यारं पुजतात, गाड्या पुजतात. आमच्याकडे चौरंगावर अण्णांचं लाइट मीटर आणि हा डबा असायचा. हळद-कुंकू, झेंडू, आपट्याची पानं. पूजा झाली की डब्याला कडेने नवी चिकटपट्टी लावायची. धूळ, दमट हवा, किडामुंगी, काही म्हणजे काही आत जायला नको. अण्णांचे हात थरथरायला लागल्यापासून ते काम श्रीकांत करायचा. इतकं मन लावून करायचा की मी चेष्टा करायचे — लेकीच्या सासरी फराळ पाठवतोयस का?

त्या कपाटाला मात्र आंबूस वास यायचा. लोणचं नासलंय म्हणून मी दोनदा बरण्या रिकाम्या केल्या...

गेल्या दोन वर्षांत अण्णांना आमची ओळख राहिली नव्हती. अंथरुणावरच होते, बोलणं जवळजवळ बंद. यंदाची पूजा झाल्यावर श्रीकांत मला म्हणाला, "मीना, आता अण्णांना कळणार नाही. आपण रीळ दाखवून आणू या का?" त्रेसष्ट वर्षांचा माणूस, पण परवानगी मागितल्यासारखं विचारत होता. हल्ली जुन्या फिल्मचं कॉम्प्युटरवर करून देतात. मी म्हटलं, चल.

पुण्याला एके ठिकाणी घेऊन गेलो. तिथल्या मुलीने हातमोजे घालून, तोंडाला मास्क लावून पट्टी कापली. झाकण उघडल्यावर जो भपकारा आला, तो आपल्या कपाटाचाच वास आहे हे मला लगेच कळलं. आत रीळ नव्हतंच. काळा-तपकिरी गोळा होता, गुळाच्या ढेपेसारखा. मुलीने टोक सोडवून पाहिलं तर त्याचा चुरा झाला.

ती बिचारी समजुतीने सांगत होती. ही फिल्म जुनी होते तेव्हा तिच्यातून एक आम्ल सुटतं. हवा खेळती असेल तर ते उडून जातं. डबा गच्च बंद असला की आतल्या आत कोंडतं आणि फिल्मला खातं. मग तिने सहज विचारलं, "इतका घट्ट कोणी बंद केला होता?"

परतीच्या वाटेवर श्रीकांतने सिन्नरच्या पुढे गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडला. मी त्याला इतक्या वर्षांत असं रडताना पाहिलेलं नव्हतं. "मीच मारली तिला," एवढंच म्हणत होता. मला त्या क्षणी कसला राग आला माहितेय? त्या झेंडूच्या फुलांचा. इतकी वर्षं आम्ही हार घालून तिला आत कोंडत होतो.

आता मुख्य प्रसंग.

पुण्याहून आल्यावर आठवडाभराने, संध्याकाळच्या चहाच्या सुमाराला. अण्णांना ताप होता, म्हणून श्रीकांत औषध आणायला कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेला. मी अण्णांच्या खोलीत बसले होते. त्यांना उजेड सहन व्हायचा नाही, म्हणून जाड पडदे लावलेले. माझ्या शेजारी श्रीकांतची प्लास्टिकची खुर्ची, रिकामी. बाहेर अधूनमधून हॉर्न वाजत होते, खालच्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली. सगळं नेहमीचं.

अण्णा बोलायला लागले. पाच-सहा महिन्यांत "पाणी" यापलीकडे शब्द ऐकला नव्हता, आणि आता आवाज स्वच्छ, तरण्या माणसाचा म्हणावा असा. डोळे मिटलेले होते. "सावकाश. घाई नाही. पायरी बघून."

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं, मग समोरच्या भिंतीकडे. भिंतीवर पायऱ्या होत्या.

मला माहितेय तुम्ही काय म्हणणार. मीही तेच म्हटलं असतं. पण भिंतीवर काळ्या दगडाच्या ओल्या पायऱ्या होत्या, त्यांच्यावर चकाकणारं पाणी होतं, आणि एक नऊवारी नेसलेली मुलगी कमरेवर घागर घेऊन खाली उतरत होती. एकवीस-बावीसची असेल. नाकात नथ नाही, साधी चमकी. आमच्या लेकीचं कपाळ अगदी तस्सं आहे. आवाज कसलाच नव्हता. "थांब," अण्णा म्हणाले, आणि ती थांबली. "आता पाण्याकडे बघ." तिने पाहिलं. डाव्या पायाच्या अंगठ्याला पांढरी चिंधी बांधलेली होती आणि त्या पायावर ती भार देत नव्हती.

भीती वाटली का? नाही. खरंच नाही. माझ्या मनात एकच होतं, श्रीकांत ये... श्रीकांत लवकर ये. फोन पलंगापलीकडे टेबलावर होता. उठून घ्यायला हवा होता. मी हलले तर ते जाईल असं वाटून मी जागची हलले नाही.

मग अण्णा म्हणाले, "झालं. छान." आणि त्या मुलीचा चेहराच बदलला. काम संपलेल्या माणसाचा होतो तसा. तिने वर पाहिलं, आमच्या दिशेने, पण माझ्याकडे नाही. माझ्या शेजारच्या खुर्चीकडे. खाली बसवलेल्या लहान मुलाकडे बघावं तशी नजर होती. काहीतरी बोलली, हसली, घागर तिथेच पायरीवर ठेवली आणि लंगडत, घाईघाईने वर यायला लागली. दोन्ही हात पुढे केलेले. जवळ येत गेली, मोठी होत गेली, भिंतभर झाली...

आणि ट्यूबलाइट लागली. "अंधारात काय बसलीयेस?" श्रीकांत दारात उभा होता. एका हातात औषधाची पिशवी, दुसरा हात बटणावर.

भिंत पांढरी होती. मागच्या वर्षी रंग दिलेली भिंत, त्यावर कॅलेंडरचा खिळा. अण्णा गप्प झोपलेले. मी "काही नाही" म्हणाले आणि चहा टाकायला गेले. ओट्याशी उभी राहून खूप रडले. त्याने थोडा उशिरा दिवा लावला असता तर... किंवा थोडा लवकर आला असता तर. अण्णा त्यानंतर बोलले नाहीत. चार दिवसांनी गेले.

मी माझ्या परीने तपास केला. पडद्याला बारीक भोक आहे. त्यातून रस्त्याचं उलटं चित्र भिंतीवर पडतं, हे शाळेत शिकवतात. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला बसून पाहिलं. गुलमोहर आणि उभ्या केलेल्या स्कूटर दिसल्या, फिकट आणि उलट्या. मी पाहिलं ते सुलट होतं. डुलकी लागली असेल म्हणावं, तर कुकरची शिट्टी मला नीट आठवते. पुण्याचं सगळं मनात साठलेलं, अण्णांचं बोलणं ऐकलं आणि बाकी मनाने रचलं... हे मला पटत आलं होतं. स्वतःचा क्लेम मी स्वतःच नामंजूर करून टाकला होता.

मग अण्णांच्या दिवसांना शकूमावशी आल्या, मनमाडहून. श्रीकांतच्या आईची धाकटी बहीण, रेल्वेत होते त्यांचे यजमान. स्वयंपाकघरात दोघीच होतो तेव्हा मी विचारलं, मावशी, ते नदीवरचं शूटिंग तुम्ही पाहिलं होतं का?

"पाह्यलं म्हंजे? मीच तर श्रीकांतला घेऊन बसले व्हते, कॅमेऱ्याच्या बाजूला. मी आपली धा वर्षांची. लय रडत व्हता हा. आक्काला सकाळीच ठेच लागली व्हती, अंगठा पार फुटला. तिला म्हटलं नको जाऊ, तर चिंधी बांधून चालली."

माझ्या हातातला झारा कढईतच राहिला. "कोणत्या पायाला?"

"डाव्या." मावशींनी माझ्याकडे पाहिलं. "का गं?"

"मग शॉट झाल्यावर काय झालं? त्या आल्या का श्रीकांतकडे?"

मावशींनी बराच वेळ आठवून पाहिलं. "नाय आठवत पोरी. घागर खाली ठेवली एवढं आठवतं. लय वर्षं झाली ना."

अण्णांनी हे कधी सांगितलं नव्हतं, श्रीकांतला चिंधी माहीत नव्हती, आणि मावशींनी मला याआधी एका शब्दाने सांगितलेलं नाही, हे मी त्यांना पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. ते रीळ अजून आमच्याकडे आहे, बाल्कनीत, झाकण उघडं ठेवून. त्यातून आता काही निघणार नाही. मी काय पाहिलं, कुठून पाहिलं, आणि ज्याने आयुष्यभर वाट पाहिली त्याच्याऐवजी मला का दिसलं? याचं उत्तर असलंच तर अण्णांकडे होतं.

मावशी गेल्यावर मी श्रीकांतला सगळं सांगितलं. पायऱ्या, चमकी, कपाळ, अंगठ्याची चिंधी, ती त्याच्या खुर्चीकडे बघून हसली ते, हात पुढे करून निघाली ते. मला वाटलं हसेल, किंवा चिडेल. तो म्हणाला, "दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मी ऐकूनही घेतलं नसतं. तू सांगतेयस म्हणजे खरं आहे."

मग विचारलं, "घेतलं का तिने मला?"

दिवा त्याने लावला म्हणून ते तिथेच तुटलं, हे मी त्याला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. ही साइट तो वाचत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

"घेतलं," मी म्हणाले.

खोटा क्लेम ओळखायची एक खूण असते — माणूस न विचारलेले तपशील द्यायला लागतो. मीही द्यायला लागले. डाव्या कडेवर घेतलं, म्हटलं. रडून रडून तुझं तोंड लाल झालं होतं. पदराने पुसलं तिने.

श्रीकांतने हात वर नेऊन तोंडावरून एकदा फिरवला, आणि तसाच बसून राहिला.