धोंड्याच्या ताटातली बाटली

माझं मटण एका द्राक्षाच्या मळ्यामुळे सुटलं.

सुनीताला, म्हणजे माझ्या बायकोला, वाढदिवसाला वाइन चाखायला जायचं होतं. पवना धरणाच्या बाजूला नवा मळा झालाय. तिथे आधी वेली दाखवतात, मग पेल्यातून थोडी थोडी वाइन चाखायला देतात. "एकदा तरी काहीतरी वेगळं करू या," ती म्हणाली. (देहूरोडला आमचं वेगळं म्हणजे वडापावऐवजी मिसळ!) आम्ही दोघांनी तोवर दारू फक्त दुकानाच्या पाटीवर पाहिलेली.

तेवढ्यात सुदुंबऱ्याहून सासऱ्यांचा, आबांचा, फोन आला. अधिक महिना चालू होता, म्हणजे जावयाला बोलावून ओवाळायचं, धोंडे खाऊ घालायचे. "रविवारी धोंड्याला या. आन शनवारी पोरीचा वाढदिस, कुटं निघालाय?"

आता आबा आणि मामी, म्हणजे सासूबाई, दोघंही माळकरी. दारूचं नाव निघालं तरी चूळ भरतात! 'मुलगा सुपारीसुद्धा खात नाही' या एका वाक्यावर मला त्यांची मुलगी मिळालेली. मी घाईघाईने म्हणालो, "द्राक्षाचा मळा बघायला. रस काढतात तिथे."

"मळा? मंग आमी बी येतो!"

शनिवारी घोरावाडी स्टेशनबाहेर दोघं पिठलं-भाकरीचा डबा घेऊन उभे. सुनीताने गाडीचं दार धाडकन लावलं.

मळ्यावर पोचताच मी माहिती सांगणाऱ्या मुलीला बाजूला घेतलं. "ताई, पाया पडतो, वाइन म्हणू नका. रस म्हणा."

"सर, असं कसं?"

"म्हातारी माणसं आहेत हो!"

बिचारी कबूल झाली. "तर हा... रस आम्ही लाकडी पिंपात दोन वर्षं ठेवतो."

"दोन वरसं?" आबा दचकले. "आन नासत न्हाई?"

मग टेबलावर चार पेले आले आणि आबांनी थेट हात घातला. माळकरी माणसाच्या तोंडात मी दारू घालणार? "आबा, थांबा! फार गोड असतो, तुमची साखर वाढेल! मामी, तुमचीसुद्धा!"

पेले खाली ठेवले गेले. मी हुश्श करतोय तोच आबांनी ते माझ्यापुढे सरकवले. "मंग तुमी घ्या, पाव्हनं."

"नको, नको!"

"धोंड्याच्या म्हयन्यात जावयाच्या पुढ्यातलं वाया घालवायचं व्हय? लाजू नका!"

आई-वडिलांसमोर सुनीता कुठली पिणार? तिनेही आपला पेला दाणकन माझ्यापुढे आदळला. "मला ॲसिडिटी आहे."

"सर, गिळायलाच हवं असं नाही," मुलगी कुजबुजली आणि तिने थुंकायचं भांडं दाखवलं. मी त्यावर वाकलो मात्र...

"अगं बया, जावयबापूंना उमासा आला!" मामी धावल्या आणि माझी पाठ चोळू लागल्या. गिळलं!

पांढरी झाली, गुलाबी आली, मग तांबडी. दर वेळी चार पेले, दर वेळी आग्रह. "ए बाय, पाव्हन्यांचा पेला भर जरा, हात आखडू नको!" शेवटी मी उठून आबांच्या पाया पडलो. मग मामींच्या. मग त्या मुलीच्या. मग पिंपाच्या.

"किती संस्कारी!" मामी गहिवरल्या.

"ऊन लागलंय त्यांना," दातओठ खात सुनीता म्हणाली आणि तिने मला मागच्या सीटवर ढकललं. वाढदिवस तिचा, थेंब मिळाला नाही, वर गाडीही तिनेच चालवली. मी झोपलेलो, त्यामुळे निघताना मामींनी तिथल्या दुकानात काय घेतलं ते मला कळलंच नाही.

ते रविवारी कळलं. सगळी भावकी जमलेली. मी पाटावर. मामी ताट घेऊन आल्या. ताटात निरांजन, अनारसे, कोरा टॉवेल आणि मधोमध बाटली! "जावयबापूंना रस लय आवडला, म्हनून आनला." (मीच तोंड बंद केलेल्या त्या मुलीने तो इमानदारीत रस म्हणूनच विकला होता!) मामींनी मला ओवाळलं. जाता जाता बाटलीलाही ओवाळलं.

"काकू, जावयाला दारू देता व्हय?" सुनीताचा चुलतभाऊ किंचाळला.

"रस हाय त्यो!"

"वाइन हाय, वाइन! लोनावळ्याच्या हाटेलात मी रोज वाढतो की!"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. कालचे सगळे पेले त्यांना एकदम आठवले असावेत.

"आबा, तुमची माळ मोडू नये म्हणून मी प्यालो!" मी कळवळून म्हणालो.

"ऱ्हाऊ द्या, पाव्हनं. समदे पेनारे असंच म्हनत्यात, दुसऱ्यासाटी प्यालो."

मी सुनीताकडे पाहिलं. तिने एक शब्द बोलायचा होता. ती अनारसा खात होती.

आबा आत गेले, तुळशीची माळ घेऊन आले आणि भावकीसमोर माझ्या गळ्यात घातली. दारू सुटली, जी मला कधी लागलीच नव्हती. मटणही सुटलं, जे फार लागलेलं होतं!

हल्ली सुदुंबऱ्यात कुणी प्यायला लागला, की आबा त्याला धरून माझ्यापुढे आणतात. "ह्यांच्याकडं बघ. लय पीत व्हते. ह्ये सुटले, तर तू बी सुटशील!" आणि मी, उभ्या जन्मात एकच दुपार प्यालेला दारुडा, घसा खाकरून त्याला अनुभवाचे चार शब्द सांगतो!