वाघाटीची पिल्लं

आमच्या नवीन पनवेलच्या सोसायटीत तो येतो तो चिडायलाच. वनखात्यात रोजंदारीवर आहे; साप निघाला की आम्ही त्याला फोन करतो. चहा उभ्यानेच पितो आणि जितका जास्त चिडेल तितक्या वेळा ‘दादा’ म्हणतो.

परवा शेजारचे साहेब डोंगरावर फिरायला गेले आणि गवतातून बिबट्याची दोन पिल्लं ‘वाचवून’ आणली. वाचवून म्हणे! कुणापासून? बुटांच्या खोक्यात ठेवून अख्ख्या बिल्डिंगने सेल्फी काढल्या. गाईचं दूध कोमट करून मीच पाजलं.

फोन केल्यावर तो आला, खोक्यात पाहिलं.

“बिबट्या नाय दादा, वाघाटी हाय. रानातली सगल्यात बारीक मांजर. आय शिकारीला गेली आसंल, दादा, आनि तुमी तिची पोरं चोरली. गाईचं दूध सोसत नाय ह्यांना. कोनी पाजलं, दादा?”

मी दुधाची वाटी पाठीमागे सरकवली.

नेमकी जागा साहेबांना आठवेना. शेवटी त्यांच्याच सेल्फीतला मागचा खडक त्याने ओळखला आणि खोकं घेऊन तो तडक डोंगराकडे निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोकं काखेत धरून परत आला.

“आय आली. एक पिल्लू तोंडात धरून घेऊन गेली.”

“अरे वा!” साहेब खूश झाले. “आईचा फोटो काढलास का?”

त्याने खोक्याचं झाकण उघडलं. आत दुसरं पिल्लू ताठ होऊन पडलं होतं, तोंडाला मी पाजलेलं दूध वाळलेलं.

“ह्याचा काढा,” तो म्हणाला. दादा म्हणाला नाही.