नासच्या घरातून 'येतो' म्हणताना

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. वडील जालन्याच्या मोंढ्यात हमाली करायचे. आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट मी, तोही इंजिनिअर. अंगात येणं, करणी, या विषयांवर अख्ख्या गल्लीशी भांडलेला. त्यामुळे हे लिहायला लाज वाटतेय... पण लिहितो.

२०२० च्या सुरुवातीला मी आयर्लंडला आलो. तिथल्या नास नावाच्या गावात एकट्यापुरतं घर भाड्याने घेतलं, नोकरी जवळच्याच एका मेडिकल डिव्हाइस प्लांटमध्ये. पोचतोय तोच लॉकडाउन. ओळखीचे आयटीवाले घरून काम करायचे. आमचा प्लांट मात्र चालू. क्लीनरूममध्ये डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट, मास्क, गॉगल. कँटीन बंद, डबा आपापल्या गाडीत खायचा. वर्ष होत आलं तरी माझा चेहरा तिथे कुणी नीट पाहिलेला नव्हता.

एकदा पार्किंगमध्ये मास्क काढून उभा होतो. माझी टीम लीड नीव, जिच्या शेजारी रोज काम करतो ती, थांबली.

"यू ऑलराइट देअर? कुणाला न्यायला आलात का?"

"नीव, मी सचिन."

"ओह गॉड, सॉरी! तू असा दिसतोस होय!"

ती हसली, मीही हसलो. पण गाडीत बसल्यावर आरशात एकदा बघून घेतलं.

घरातून निघताना मात्र मी रोज रिकाम्या घराला "येतो गं" म्हणायचो. 'जातो' म्हणायचं नाही, ही आईची शिस्त. निव्वळ सवय, दुसरं काही नाही.

एका सकाळी उशीर झाला, काही न बोलताच पळालो. ब्रेकमध्ये डबा उघडतोय तर जालन्याहून आईचा फोन.

"आज कामून न सांगता गेला रे?"

"कुठे?"

"ड्युटीवर. रोज दारातून 'येतो गं' म्हणतो, मी 'ये' म्हणते. आज भाकरी करता करता वाट पाहिली तुझी."

हे मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. वडील गेल्यापासून ती एकटी, विमानं बंद. तिच्या डोक्यावर परिणाम तर होत नाही ना... पहिली भीती तीच.

आमच्या प्लांटमध्ये प्रॉब्लेम आला की आधी रूट कॉज, म्हणजे मूळ कारण शोधतात. चुकून फोन लागत असेल म्हणून कॉल हिस्ट्री पाहिली — काही नाही. मग एक दिवस 'येतो गं' मुद्दाम नुसतंच पुटपुटलो, मास्कच्या आतल्या आत. आईचा फोन: "आवाज बारीक होता आज. सर्दी झाली का?"

घाबरलो. पण खरं सांगू? बरंही वाटलं. मला ओळखणारं कुणीतरी होतं. मग मी मोठ्याने म्हणायला लागलो, दार उघडं धरून.

असे काही आठवडे गेले. एका रविवारी फोनवर बोलता बोलता आई म्हणाली, "तू गेला की जीवाला घोर लागतो बाप्पा. रात्री 'आलो गं' म्हणतो, तवा कुठं मी दिवा बंद करते."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

मी त्या घरात कधीही 'आलो' म्हणालेलो नाही. रिकाम्या घरात येऊन कुणाला सांगणार?

"आई... आवाज माझाच असतो?"

"मग कोणाचा? जरा थकलेला असतो, इतकंच."

विषय बदलला. तिला काय सांगणार होतो?

अजूनही संध्याकाळी, जालन्यात रात्र झालेली असते तेव्हा, किल्ली हातात घेऊन दारापाशी थांबतो. वाटतं, आज आपणच म्हणावं. शब्द ओठांवर येतो आणि तिथेच थिजतो. कारण मी म्हणालो, तर आईला दोन आवाज ऐकू येतील... आणि तिने त्यातला दुसराच आपल्या लेकाचा म्हणून ओळखला तर?